आमचं घर बाटलीच्या आहारी गेलंय

आमच्या घरात माणसं तीन आणि पाण्याच्या बाटल्या अकरा. परवा रविवारी ओट्यावर ओळीने मांडून मोजल्या. नवऱ्याची ऑफिसची स्टीलची, त्याचीच जिमची. माझी तांब्याची, दिवाळीत भेट आलेली आणि आतून काळी पडलेली. माझीच दुसरी, जिच्यावर सकाळी सात ते रात्री नऊपर्यंतच्या रेघा छापल्या आहेत, म्हणजे कुठल्या तासाला आपण किती घोट मागे आहोत ते कळावं. लेकीची शाळेची, आणि ती हरवली तर असावी म्हणून तशीच दुसरी. गाडीत गडगडणारी एक. जुने सिपर दोन. कुठल्याशा कंपनीचा लोगो असलेली एक. आणि एक झाकण हरवलेली, जी टाकवत नाही, कारण ती ‘पर्यावरणपूरक’ म्हणून महागात घेतली होती.

फुलपात्रं सहा होती. चार सापडली. त्यातल्या एकात मनी प्लँट आहे आणि एकात टूथब्रश.

ही मोजणी करायची वेळ आली ती एका कुरियरवाल्या मुलामुळे. मे महिना, दुपारचे अडीच, आमची लिफ्ट बंद. तो चार मजले चढून आला, पार्सल दिलं, ओटीपी घेतला आणि म्हणाला, “ताई, थोडं पाणी मिळेल?” मी आत गेले. ओट्यावर स्वच्छ घासलेलं फुलपात्र पालथं घातलेलं होतं. ते मला दिसलं. तरी माझा हात सिंकखालच्या कपाटात गेला, रेल्वेच्या प्रवासातून आलेली एक पातळ प्लॅस्टिकची बाटली काढली, फिल्टरखाली भरली आणि त्याला दिली. “घेऊन जा, परत नको.” तो खूश झाला. मीही खूश. गार पाणी, तेही बाटलीभर!

आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. साताऱ्याकडची बाई, फार बोलत नाही. मी आत आले तशी म्हणाली, “तुझी आजी कान तुटलेली कपबशी मागल्या दारी ठेवायची, तसंच केलंस.” मी म्हटलं, काहीतरीच काय, मी त्याला बाटली दिली, सोबत न्यायला. तर म्हणते, “हो, पण आजीची कपबशी निदान धुऊन परत वापरायचे.”

मी भांडले. कोविड काढला, जंतू काढले, तो दिवसभर कुठे कुठे फिरतो ते काढलं. आईने काही उत्तर दिलं नाही, भाजी निवडत बसली. तेव्हापासून मी या बाटलीवर विचार करते आहे आणि जितका विचार करते तितकी जास्त चिडते आहे. आधी स्वतःवर, पण फक्त स्वतःवर नाही.

सुरुवात लेकीच्या बाटलीपासून करते, कारण तिथे माझी चूक सगळ्यात उघडी आहे.

लेक वर्षाची झाली तेव्हा लशीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता बाटली बंद करायला लागा, कप द्या. ही काही त्यांची खास युक्ती नव्हती. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू होतं तेव्हाच उघड्या कपाची ओळख करून द्यावी आणि वर्ष ते दीड वर्षाच्या आत बाटली सोडवावी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन काहीही केलं नाही. का? कारण बाटली तोंडात दिली की ती सात मिनिटांत झोपायची. एवढंच कारण. दोघांच्या नोकऱ्या, रात्रीचे साडेदहा, आणि सात मिनिटं. ज्यांनी लेकरू झोपवलंय त्यांना या सात मिनिटांची किंमत कळेल.

अडीच वर्षांची असताना तिच्या वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत पांढरी रेघ दिसली, मग ती तपकिरी झाली. मला वाटलं लोहाच्या औषधाचा डाग. दातांच्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंड धुतलं जात नाही. बाटलीतलं दूध, त्यात आमच्याकडे चमचाभर साखरही असायची, वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून ते वाचतात. म्हणजे दात बघून कळतं की पोर बाटली तोंडात घेऊन झोपतं. आमची चोरी तिच्या तोंडातच लिहिलेली होती. “दुधाचेच दात, पडणारच आहेत,” असं सासूबाई म्हणाल्या, मीही मनात तेच म्हणत होते. पण दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि कीड पुढून मागे सरकते. दोन दातांना कॅप बसवल्या. तिला धरून ठेवणारी मी होते.

वर हिमोग्लोबिन साडेनऊ. दिवसाला तीन-चार बाटल्या दूध पोटात गेल्यावर वरणभाताला, पालेभाजीला जागा कुठून उरणार? दुधात लोह जवळजवळ नसतंच. ‘आमची काही खात नाही हो, दुधावरच आहे,’ हे मी दोन वर्षं कौतुकमिश्रित तक्रारीने सांगत होते. त्यातलं कौतुक गाळून टाकलं की उरतो तो आमचा आळस.

आणि त्या काळातही मी स्वतःला सुधारलेली समजत होते, कारण दिवसा आम्ही सिपर देत असू. उलटा केला तरी थेंब सांडत नाही, असा. डॉक्टरांनी तो हातात घेऊन उलटा केला, हलवला, आणि विचारलं, “यातून ओढल्याशिवाय काही येत नाही ना? मग ही बाटलीच आहे. फक्त महाग.” न सांडणारा सिपर कुणासाठी बनवलाय याचा नीट विचार करा. पोराला सांडण्याचं काही वाटत नसतं. सोफा आपला, गालिचा आपला, गाडीची सीट आपली. आमच्या घरात तर फरशीसुद्धा आम्ही पुसत नाही, मावशी पुसतात. तरी आम्ही सांडण्याला घाबरत होतो.

मुळात पोराला बाटली लागतेच, ही टप्प्याटप्प्याची शिडी कुणी लावून दिली? आईकडे अजून बोंडलं आहे. चोच असलेलं, तळहातात मावणारं छोटं भांडं. त्यातून मला पाजलंय, माझ्या भावाला पाजलंय. दक्षिणेत त्यालाच पालाडै म्हणतात आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आजही ते वापरतात, ज्यांना अजून ओढायची ताकद नाही अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. म्हणजे किलो-दीड किलोचं बाळ चोचीच्या भांड्यातून पिऊ शकतं आणि आमची दोन वर्षांची धष्टपुष्ट मुलगी कप धरू शकत नाही, असं आमचं मत होतं. बोंडलं उकळायला सोपं, त्याला बूच नाही, झडप नाही, खाचाखोचा नाहीत. बाटलीच्या बुचात जंतू दडतात, त्यातून जुलाब होतात, म्हणून तर आपल्याकडे 1992 साली कायदा झाला: दूध पाजायच्या बाटल्यांची आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला बंदी, फुकट नमुने वाटायला बंदी. 2003 मध्ये तो आणखी कडक केला. पण माझ्या फोनला हा कायदा माहीत नसावा. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत मला जितक्या बाटल्या दिसल्या तितके नातेवाईक दिसले नाहीत.

सोडवायला किती दिवस लागले सांगू? दहा. दुपारी न्हाणीघरात बसवायचं, फुलपात्रात दोन घोट पाणी, सांडलं तर सांडलं. पहिले चार दिवस कपडे बदलले. मग तिला त्यातली गंमत कळली: कप वाकवला की पाणी येतं, जास्त वाकवला की नाकात जातं. रात्रीची बाटली तीन रात्रींत सुटली. त्या तीन रात्री वाईट गेल्या. सासूबाई म्हणाल्या, पोरीला छळताय. चौथ्या रात्री ती गोष्ट ऐकत झोपली. जी गोष्ट आम्ही दीड वर्ष टाळली ती दोन आठवड्यांत संपली, कॅप मात्र तिच्या दातांवर आहेत.

आता लेक सहा वर्षांची आहे. शाळेने जूनमध्ये पालकांना परिपत्रक पाठवलं: प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचं नाव घातलेली एक लिटरची बाटली रोज भरून आणणं बंधनकारक. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. तुमच्या पोराच्या, भाचीच्या, शेजाऱ्याच्या शाळेचं परिपत्रक काढून बघा.

हिशेब करू. लेकीचं वजन 19 किलो. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, म्हणजे 1 किलो 900 ग्रॅम. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. स्टीलची बाटली आमच्या वजनकाट्यावर 350 ग्रॅम भरली. उरले 550 ग्रॅम. त्यात वह्या, पुस्तकं, कंपास, डबा आणि खुद्द दप्तर बसवून दाखवा. गंमत म्हणजे त्याच धोरणात म्हटलंय की शाळेने पिण्याचं चांगलं पाणी पुरवावं, म्हणजे मुलांना बाटली वागवावी लागणार नाही. त्याआधी 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहेच. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीत काय काय हवं याची यादी आहे, त्यात सर्व मुलांसाठी सुरक्षित आणि पुरेसं पिण्याचं पाणी हे स्वच्छ शब्दांत लिहिलेलं आहे. खासगी शाळेलाही मान्यता हवी असेल तर ते लागू आहे. एक लिटरची बाटली सक्तीची करणारं परिपत्रक म्हणजे शाळेने आपल्या अंगावरची जबाबदारी माझ्या लेकीच्या पाठीवर टाकलेली आहे, वजन करून बघता येईल अशी.

पालकसभेत मी विचारलं, शाळेच्या नळाचं पाणी शेवटचं कधी तपासलं? अहवाल बघायला मिळेल का? उत्तर आलं, “मॅडम, तुम्हाला एवढी शंका असेल तर घरूनच बाटली द्या ना.” शाळेकडून हे मला अपेक्षित होतं. धक्का बसला तो त्यानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर. कॉमन नळ कशाला, इन्फेक्शन होतं. आम्ही तर अल्कलाइन पाणी देतो. वीस-पंचवीस जणांनी अंगठे दिले. एकालाही नळ नको होता.

माझं भांडण नेमकं इथे आहे. नळ असा एका रात्रीत बिघडत नाही. ज्याचं पाणी प्यावं लागतं तो त्याच्यावर लक्ष ठेवतो, टाकी धुतली का विचारतो, फिल्टर बदलला नाही तर आरडाओरडा करतो. ज्याची ओरड ऐकली जाते अशा प्रत्येक माणसाने आपापली बाटली घेतली आणि तो बाजूला झाला. आता त्या नळाशी कोण उरलं? जिची बाटली साडेदहालाच संपली ती मुलगी. शाळेतल्या मावशी. वॉचमन. बसचा ड्रायव्हर. त्यांच्यातल्या कुणाला पालकसभेचं बोलावणं नसतं. बाटली घेऊन आपण आपल्यापुरता प्रश्न सोडवला असं आपल्याला वाटतं, आणि तो प्रश्न मागणारं तोंडच आपण बूच लावून बंद केलेलं असतं.

स्टेशनवर तेच. सोसायटीत तेच. उन्हाळा लागला की चौकाचौकात लाल कापडात गुंडाळलेले रांजण असायचे, वर पत्र्याचं छप्पर, साखळीला बांधलेला पेला. पाणपोई. मुंबईत मांडवीच्या भाटबाजारात केशवजी नाईकांच्या नावाचं 1876 सालचं कारंजं आहे, ते म्हणजे पाणी प्यायची जागाच, दगडात कोरलेली. त्या काळच्या शेटजींना दानाचं पुण्य हवं असेल, नाव हवं असेल, असेना का. पाणी तर मिळत होतं. आजचे शेटजी सीएसआरमध्ये बाटल्या वाटतात, लोगोसकट. आमच्या अकरातली एक तशीच आलेली आहे.

ऑफिसांची तऱ्हा वेगळी. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्यात पाण्याचं अख्खं कलम होतं. पाण्याची जागा कामगारांना सोयीची हवी, ‘पिण्याचे पाणी’ असं बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लिहिलेलं हवं, संडास-मुतारीपासून सहा मीटरच्या आत नको, आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार हवं. बघा, ‘गार’ हा शब्द कायद्यात होता. आणि आज आपल्या फोनवरून दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणाऱ्या शहरात ती कोथिंबीर आणणारा मुलगा ‘ताई, पाणी मिळेल?’ असं दारोदार विचारत फिरतो. त्याचा कारखाना म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावर ते कलम कधी चाललं नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, बाटली म्हणजे आरोग्य आहे, हायड्रेशन आहे. रेघांच्या बाटलीबद्दल बोलूच. दिवसाला आठ ग्लास पाणी हा आकडा कुठून आला याचा माग काढत गेलं की बरेच जण 1945 च्या एका अमेरिकी शिफारशीपाशी पोचतात. तिच्यात मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं आणि त्याच्या लगेच पुढे, यातलं बहुतेक आपल्या जेवणातूनच मिळतं असंही. पहिलं वाक्य जगभर गेलं, दुसरं जागच्या जागी राहिलं. आमटी, ताक, कलिंगड, भात, चहा हे सगळं पाणीच आहे. 2002 साली हाइन्झ व्हॅल्टिन नावाच्या मूत्रपिंड-शरीरशास्त्राच्या अभ्यासकाने शोधून पाहिलं, तर निरोगी माणसाने तहान नसताना आठ ग्लास प्यावेत याला त्याला आधार सापडला नाही. तहान नावाची व्यवस्था आपल्या शरीरात आधीपासून बसवलेली आहे. उन्हात काम करणारे, मूतखड्याचा त्रास असलेले, बाळाला पाजणाऱ्या आया यांचं वेगळं. एसीत बसून ॲपने आठवण केली म्हणून घोट घेणाऱ्या माझ्यासारखीचं काय? मी तहान लागू देतच नव्हते. बाटलीतल्या बाळासारखीच, तोंडाला सतत काहीतरी.

अमेरिकेत दोन-तीन वर्षांपूर्वी सव्वा लिटरच्या, कानवाल्या स्टीलच्या टंबलरसाठी लोक दुकानांत रांगा लावत होते, रंगाप्रमाणे संग्रह करत होते. आपण हसलो. माझ्या ओट्यावरच्या अकरा आठवा.

ज्या बाटलीत खरंच पाणी हवं ती मात्र भरलेली परत येते, हेही सांगायला हवं. लेक सुरुवातीला शाळेतून बाटली तशीच आणायची. मला वाटलं विसरते. एक दिवस म्हणाली, “पाणी प्यायलं की शूला लागते, आणि तिकडे वास येतो.” सहा वर्षांच्या पोरीने हे गणित स्वतः मांडलं होतं. मी काय बोलणार? पुण्याहून साताऱ्याला एसटीने जाताना मी आजही बाटली मांडीवर घेऊन बसते आणि घोटभरसुद्धा पीत नाही. आपल्याकडच्या बायकांची बाटली ही पुष्कळदा नुसती वागवायची वस्तू असते. केरळात 2019 मध्ये शाळांतून पाण्याची घंटा सुरू झाली, ठरावीक वेळी घंटा वाजणार आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या शाळेत आधी संडास धुवायची घंटा वाजवा. पाणी पिण्याचा प्रश्न अर्धा तिथे आहे, आणि त्यावर कुठल्याही रंगाची बाटली उपयोगाची नाही.

इथवर लिहून मी हे एका मैत्रिणीला वाचायला दिलं. त्यात सुरुवातीला तांब्या-भांड्यावर एक मोठा परिच्छेद होता. पाहुणा आला की गूळ-पाणी, चकचकीत तांब्या, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या तांब्याची मला अजिबात आठवण येत नाही.” तिच्या गावच्या शाळेत माठाला हात लावायचा नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तिच्या हातात वरून पाणी ओतलं जायचं, इतर मुली पेला बुडवून घ्यायच्या. पाचवीत तिच्या वडिलांनी तिला बाटली घेऊन दिली, लाल, गळ्यात अडकवायची. “त्या बाटलीने मला माठापासून सोडवलं. तू ती मोडीत काढायला निघालीस.”

तो परिच्छेद मी काढून टाकला. तिचं बोलणं मात्र काढता येत नाही, कारण ते खरं आहे. माझ्या आजीच्या घरात तांब्या होता तसाच मागल्या दारी कान तुटलेला कपही होता. एकाची गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याची गाळायची हे आमच्यासारख्यांना छान जमतं. शाळेत शिपायाने नळ सोडला तरच पाणी, तो नसेल तर तहानलेलं राहायचं, हे ज्यांच्या लहानपणी घडलं त्या बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सार्वजनिक होतं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळं कागदावर खुलंही केलं होतं. तरी प्यायल्याबद्दल माणसांना मारलं, आणि नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं. कोर्टात निकाल लागायला 1937 उजाडलं. तिथे जमलेल्या हजारोंना आपापल्या घरून पाणी नेता आलं नसतं का? त्यांना सगळ्यांचं जे तळं होतं तेच हवं होतं. त्याच्याही खूप आधी, 1868 मध्ये, जोतीरावांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी उघडला, तेव्हा त्यांनीही पाणी भांड्यात भरून बाहेर पाठवलं नव्हतं.

मैत्रिणीला मी विचारलं, मग तुझ्या मुलाला काय देतेस? म्हणाली, बाटली. आणि थोडं थांबून, “नळ चांगला असता आणि सगळ्यांना एकच असता, तर नसती दिली.” आमचं एकमत एवढ्यावरच झालं. तिची बाटली आणि माझी बाटली ही एकच वस्तू नाही, हे मला मान्य आहे. ती नाकारलेल्या पाण्यातून आलेली आहे. माझी बाटली कुठून आली ते त्या दुपारी सिंकखालच्या कपाटाशी मला कळलं आहे. मला कुणी नाकारलेलं नाही. मी इतरांपासून स्वतःला वेगळं काढलं आहे, आणि त्याला स्वच्छता, पर्यावरण, हायड्रेशन अशी चांगली चांगली नावं दिली आहेत.

जंतूंचं काय, असं आई सोडून बाकी सगळे विचारतात. साबणाने घासलेल्या फुलपात्राने कुणाला काही होत नाही. हॉटेलात आपण कुणाच्याही ग्लासने पितो, फक्त त्याचे पैसे दिलेले असतात. उलट ज्या बाटलीच्या बुचातली रबरी चकती मी दोन वर्षांत एकदाही काढलेली नव्हती, ती परवा काढली. आत काय होतं ते सांगत नाही, तुम्ही तुमची काढून बघा.

ट्रेकला बाटली न्या, साइटवर न्या, एसटीत न्या. मी फेकून देणार नाही, अकराच्या अकरा विकत घेतलेल्या आहेत किंवा कुणी गळ्यात मारलेल्या आहेत. पण शाळेला मी लेखी अर्ज दिला आहे, शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट जोडून, पाण्याचा तपासणी अहवाल आणि टाकी धुतल्याच्या तारखा मागितल्या आहेत. ग्रुपवर तो टाकला तर दोन अंगठे आले. एक मैत्रिणीच्या नणंदेचा, दुसरा चुकून पडला असावा. सात आठवडे झाले, उत्तर नाही. लेक रोज 1 किलो 350 ग्रॅम घेऊन जाते.

घरात एवढं केलं, की दारामागच्या स्टुलावर तांब्या आणि तीन फुलपात्रं ठेवली. मनी प्लँटचं फुलपात्र त्याच्याकडेच राहू दिलं, त्याची मुळं धरली आहेत. कुणी पार्सल घेऊन आलं की लेक धावत जाऊन विचारते, “काका, पाणी हवं?” आणि ओतताना निम्मं चपलांच्या रॅकवर सांडते. पुष्कळ जण म्हणतात, नको, माझ्याकडे बाटली आहे, आणि पाठीवरच्या पिशवीवर थाप मारून दाखवतात.

गेल्या आठवड्यात तोच मे महिन्यातला मुलगा आला. त्याने मला ओळखलं की नाही माहीत नाही. लेकीने फुलपात्र पुढे केलं. त्याने ते घेतलं, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून पाणी तोंडात सोडलं, एक थेंब न सांडता. मी म्हटलं, “लावून पी ना, आम्ही पण याच्यानेच पितो.” तो हसला, तोंड बाहीला पुसलं. “राहू द्या ताई,” म्हणाला, “सवय आहे.” आणि लिफ्ट चालू असूनही जिन्याने खाली गेला.